पेपरच्या गाडीचा नेम

मागच्या सीटच्या फटीत हात घातला आणि मंगलच्या बोटांना पिवळं लागलं. तिनं हात बाहेर काढून उन्हात धरला, क्षणभर बघत राहिली आणि तिथंच, गाडीचं दार उघडं ठेवून, ती बोटं कपाळाला लावली.

“बिरोबाच्या नावानं चांगभलं.”

स्वप्नाली बॉनेटपाशी उभी होती. तिच्या मोबाईलमधला एक माणूस जुनी गाडी घेताना काय काय बघावं ते सांगत होता आणि ती त्याचं ऐकून एकेक बघत होती. टायर एकाच अंगानं झिजलेत का, ऑइलच्या झाकणाला आतून साय धरलीय का, धूर निळा येतो का. आईचा आवाज ऐकून तिनं मान वर केली.

“काय गं आये?”

“भंडारा हाय गाडीत.”

गाड्यांचा व्यापारी प्रशांत चार पावलांवर होता. मिरज रोडला पत्र्याच्या शेडपुढं त्यानं वीस-बावीस जुन्या गाड्या ओळीनं लावल्या होत्या. मायलेकी आल्यापासून त्यानं इंजिनाचं सांगून बघितलं, एसीचं सांगितलं, टेप लावून दाखवला. मंगल नुसती “बरं” म्हणत होती. आता त्याला धागा सापडला.

“मावशी, तुमची नजर लय बारीक हाय बघा! पैला मालक निस्ता देवमाणूस. दर अमावश्येला आरेवाडीला जायचा. दुसरीकडं गाडी न्हेलीच न्हाई म्हना की. मीटरवरचा आकडा बघा की, एकसष्ट हजार किलोमीटर.”

“आरेवाडीला? बनात?”

“थेट बनापतूर!”

मंगलचे डोळे भरून आले. बिरोबाच्या बनात जाऊन आलेली गाडी आपल्या लेकीसाठी इथं येऊन थांबलीय, आणखी काय बघायचं? स्वप्नाली म्हणत होती, आये, बॉनेट गरम लागतंय, ह्यांनी आधीच चालू करून ठेवली असणार, उद्या सकाळी थंड असताना बघूया. पण मंगलनं ब्लाउजातली पुरचुंडी काढली आणि बयाणा देऊन टाकला.

गाडी हौसेसाठी नव्हती. मंगलचं घर रांजणीच्या माळावर, सांगलीपासून चाळीस किलोमीटर. स्वप्नाली सांगलीत नर्सिंगला होती. गेल्या वर्षी तिची स्कूटी खड्ड्यात गेली, मणका दुखावला, चार महिने अंथरुणावर गेले आणि वर्ष बुडालं. हॉस्टेलची जागाही गेली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन चाकांवर पुन्हा बसायचं नाही, चार चाकं चालतील. बरी झाल्यावर तिनं गाडी शिकून लायसनही काढलं. महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारपासून तिची वॉर्डातली ड्यूटी सुरू होणार होती, सकाळी सातला. फाट्यावरची पहिली एसटी सांगलीत पोचायची आठला. आणि कॉलेजनं स्पष्ट सांगितलं होतं, यंदा हजेरी कमी पडली तर नाव काढावं लागेल. म्हणून धुळानं, मंगलच्या नवऱ्यानं, कळपातली पंचवीस मेंढरं विकली होती. गाडी एकदाच घेता येणार होती. ती रोज सकाळी सुरू झाली पाहिजे, एवढंच मंगलला गाडीकडून हवं होतं.

मंगलचा एक नेम होता. बावीस वर्षं ती उजाडायच्या आत अंघोळ करून बिरोबाच्या टाकाला दिवा लावायची, भंडारा वाहायची, एकशे आठ वेळा नाव घ्यायची आणि मगच पाण्याचा घोट. दुसऱ्या दिवशी पहाटे ती दिव्यापुढं बसली तेव्हा पदराच्या टोकाला पिवळा डाग दिसला. काल गाडीत लागलेला हात तिनं पदराला पुसला होता. तिनं तो डाग दोन बोटांत चोळला. मग डबीतला भंडारा चिमटीत घेऊन तोही चोळला.

भंडारा मऊ होता, पिठासारखा. पदरावरचं टोचत होतं. त्यात बारीक मुळ्यांचे केस होते, माती होती आणि गोणपाटाचा एक धागा.

लग्नाआधी चार हंगाम मंगल सांगलीच्या हळदीच्या बाजारात हळकुंडं निवडायला जायची. पॉलिशच्या पिंपातून उडणारा कोंडा तिनं चार वर्षं डोळ्यांत, नाकात, भाकरीत घेतला होता. तोच हा कोंडा. गाडी बनात गेली नव्हती. पोती वाहत होती.

तिचा जप त्या दिवशी दोनदा चुकला. राग प्रशांतचा आला नाही तितका स्वतःचा आला. तो खोटं बोलला खरा, पण शब्द त्याच्या तोंडात कोणी घातले? भंडारा हाय, असं आपणच म्हणालो. त्यानं नुसती री ओढली.

नऊ वाजता ती लेकीला घेऊन पुन्हा शेडपुढं हजर झाली.

“या मावशी! पेढं आणलं का?”

“हळकुंडाची पोती कुठनं कुठपतूर न्हेत हुता ही गाडी?” मंगलनं हळूच विचारलं. ती कधीच मोठ्यानं बोलत नसे.

प्रशांतचा हात खिशातच राहिला. स्वप्नालीनं तेवढ्यात ड्रायव्हरच्या बाजूला वाकून बघितलं. ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं.

“एकसष्ट हजारात येवढं झिजतंय व्हय?” ती म्हणाली.

“गाडी हाय, मावशी. गाडी वाहणारच की काय तरी. बयाणा परत हुत न्हाई पर. तसा रिवाजच न्हाई आमच्यात.”

“बरं,” मंगल म्हणाली. तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि पिशवीतून माळ काढली.

अर्ध्या तासानं एक जोडपं आलं. नेमकी तीच पांढरी गाडी त्यांना आवडली. बाईनं सहज विचारलं, “मावशी, तुमीबी बघताय काय ही?”

“बघितली. मला काय कळतंय त्यातलं, बाई. हळदीची पोती व्हायची, येवढंच ठावं हाय.”

जोडपं गेलं. मग एक मास्तर आले. मग दोघं भाऊ आले. ज्यानं विचारलं त्याला मंगलनं तेवढंच सांगितलं, त्याच आवाजात, आणि माळेचा पुढचा मणी ओढला. साडेअकराला प्रशांत तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

“मावशी, तुमी भांडा तरी! शिव्या द्या, मला चालंल. पर आसं हळू बोलू नका वो.” त्यानं नोटा तिच्या हातात ठेवल्या. “जावा आता. पाया पडतो.”

परतीच्या एसटीत स्वप्नालीला हसू आवरेना. मंगल मात्र खिडकीतून बाहेर बघत होती.

“देवाला मधी वढलं मी,” ती म्हणाली. “देवानं डोळं दिल्यात, नाक दिलंय, तुझ्यासारकी शिकल्याली लेक दिलीया. ती समदी घरी ठिवून गेल्ते मी काल.”

“आता गं?”

“आता बघायचं. नीट बघायचं. सोमवार अजून लांब हाय.”

धुळाचा फोन त्याच संध्याकाळी आला. तो दिवाळीपासून मेंढरं घेऊन सातारा जिल्ह्यात होता, गेले दोन महिने उंब्रजच्या आसपास बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत. मागं कोकरं ओरडत होती, त्यामुळं तो निम्मं ओरडूनच बोलत होता.

“हितं एक हाय गाडी! भाऊसोची! पेपरवाला भाऊसो! इकायची म्हंतोय!”

“किती पळालीया?” स्वप्नालीनं विचारलं.

“दोन लाख चाळीस हजार!”

स्वप्नालीनं कपाळाला हात लावला. “आबा, मोबाईलमधला माणूस म्हणतो, लाखाच्या वर गेली की हात जोडायचे!”

“त्या मानसाला म्हनावं उंब्रजला ये!”

सासूला, अंबूबाईला, शेरडांची आणि दिव्याची राखण सांगून मंगल लेकीला घेऊन उंब्रजला गेली. भाऊसो साठीचा, बुटका, बोलायला कंजूष. गेली अकरा वर्षं पहाटे सव्वाचारला हायवेवर पेपरचे गठ्ठे उतरवून घ्यायचे आणि चरेगाव, चाफळ, तारळे असं करत गावोगाव पोचवायचे, रोजचे साठ किलोमीटर, हे त्याचं काम. गाडी करड्या रंगाची, चारी कोपऱ्यांना ठोकर लागलेली. मागची सीट काढून तिथं गोणपाट अंथरलं होतं.

“आये, ही पण ओझ्याचीच,” स्वप्नाली कुजबुजली.

“व्हय. पर हिनं लपवलं न्हाई.”

मंगलनं बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. भाऊसोनं किल्ली फिरवली, गाडी एकदा कण्हली आणि सुरू झाली. धूर पांढुरका, लगेच विरला. स्वप्नालीनं ऑइलची पट्टी ओढून बघितली, झाकण उलटं करून बघितलं, खाली वाकून गंज शोधला. कागदपत्रं बघितली. पासिंगला तीन वर्षं बाकी होती आणि तिच्या शिक्षणाला दोन.

“का इकताय, दादा?” मंगलनं विचारलं.

“पुरं झालं,” भाऊसो म्हणाला. त्याच्या बायकोनं, बनाबाईनं, चहाची कपबशी जरा आदळूनच ठेवली. मंगलनं ते बघितलं.

“भाऊसो लबाड न्हाई,” धुळा बाहेर येऊन म्हणाला. “मी दोन म्हयनं बघतोय. घे.”

“तुमी दोन म्हयनं बघताय. त्ये पेपर वाचनारी मानसं अकरा वरसं बघत्यात. त्यास्नी इचारून येते.”

“गाडी घ्यायची का पेपर लावायचा गं?” धुळा हसला. पण मंगलनं तोवर चपला पायात घातल्या होत्या.

चरेगावच्या स्टँडवर रंगूबाईचं चहाचं दुकान होतं. मायलेकींनी चहा घेतला आणि मंगलनं विचारलं, “मावशी, हितं पेपर कवा येतो वो?”

“आवं, पेपर आला म्हंजी साडेचार वाजलं. मी घड्याळ बघून चूल पेटवत न्हाई, भाऊसोचा हॉर्न वाजला की पेटवते.”

“चुकत न्हाई?”

“चुकला की माझं गिऱ्हाईक बोंबलतंय. च्या एक घेत्यात आन् वाट तासभर बघत्यात, बाकडं अडवून.” मग तिनं आवाज खाली आणला. “पर तुमाला खरं इचारायचं आसंल तर चाफळात आप्पासाहेब मास्तरास्नी इचारा. त्यो मानूस दारात उभाच आसतोय, भाऊसोला धरायला.”

आप्पासाहेब निवृत्त मुख्याध्यापक. अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मंगलचा प्रश्न ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू कोणीतरी हा प्रश्न विचारील म्हणून अकरा वर्षं वाट बघत होते.

“माझ्या दारात पाचची वेळ. तेरा वेळा चुकला,” ते म्हणाले. “दोन हजार एकोणीसच्या महापुरात चार दिवस. त्याची आई वारली तेव्हा तीन. दोनदा पंक्चर. एकदा हायवेवर ट्रक उलटला होता, तो त्याचा दोष नाही, पण मी धरलेला आहे. एकदा क्लचची वायर तुटली. दोनदा त्याला ताप होता.”

“तुमी लाखात एक हायसा, मास्तर. तुमाला समदं ध्यानात हाय.”

“पेपर नसला की माणसाला दुसरं काम काय असतं?”

मंगल पायरीवर बसली. तिच्या स्वतःच्या नेमाचे खाडे तिला असेच पाठ होते. स्वप्नालीच्या जन्माचे, सासऱ्याच्या सुतकाचे, मिरजेच्या दवाखान्यातले. जे रोज घडतं ते कोणी लक्षात ठेवत नाही. जे क्वचित मोडतं तेच लक्षात राहतं. दोन लाख चाळीस हजार हा आकडा ऐकून पोरगी घाबरली होती, पण तो आकडा म्हणजे दुसरं काय? अकरा वर्षं रोज पहाटे ती गाडी उठली होती. अकरा वर्षांत गाडीच्या स्वतःच्या दुखण्यानं तीन खाडे. हा नेम होता. मंगलला दुसरं कशाचं नाही तरी नेमाचं कळत होतं.

ती उठायला लागली तेवढ्यात मास्तर म्हणाले, “पण या दिवाळीपासून मात्र बिघडलंय काहीतरी. आठवड्यातनं दोनदा उशीर. कधी वीस मिनिटं, कधी अर्धा तास. ते मी त्या तेरात धरलेले नाहीत. त्यांचा हिशोब वेगळा आहे.”

मंगलचा पाय पायरीवरच थांबला. स्वप्नालीनं आईकडं बघितलं. दिवाळीपासून. म्हणजे विकायच्या आधी तीन महिने.

दोघी तशाच उंब्रजला परतल्या. भाऊसो अंगणात सुतळी गुंडाळत होता.

“दादा, दिवाळीपास्नं पेपर उशिरा जातोय. गाडीला काय झालंय?”

भाऊसोनं सुतळी गुंडाळायची थांबवली नाही. “गाडीला काय न्हाई.”

“मग?”

बनाबाई दारात आली. “सांगा की! का मी सांगू? आवं वयनी, ह्यांच्या दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. समोरनं गाडीचा उजेड आला की ह्यास्नी काय दिसत न्हाई, मग रस्त्याकडंला थांबत्यात. बैलगाडीगत जात्यात. तीन म्हयनं मी जीव मुठीत धरून बसते, हॉर्न वाजत परत येस्तवर. डॉक्टर म्हणतोय आपरेशन करा, तर ह्ये म्हणत्यात पेपर कोन टाकील.”

“बनू,” भाऊसो एवढंच म्हणाला.

मंगलला बाईचं खरं वाटलं. पण भंडाराही खराच वाटला होता. ती आता दुसऱ्यांदा कुणाच्या शब्दावर जाणार नव्हती, आणि स्वतःच्या वाटण्यावर तर नाहीच.

“दादा, एक इचारते. आठ दिस पेपर माझी लेक टाकंल. तुमी शेजारी बसून वाट सांगा. उशीर झाला तर गाडीचा, न्हाई झाला तर तुमच्या डोळ्याचा. आठ दिसांत दुसरा मानूसबी बघा कामाला.”

धुळा म्हणाला, “अगं पोरीचा पाठीचा कणा...”

“म्हनूनच. तिला रोजचं दोन तास बसायचं हाय गाडीत. कणाबी कळंल.”

भाऊसोनं पहिल्यांदाच हसून बघितलं. “धुळा, तुझ्या बायकूला मेंढरं इकायला का पाठवत न्हाईस गड्या?”

मायलेकी बनाबाईच्या घरी झोपल्या. मंगल तीनला उठायची, अंघोळ करायची, बनाबाईच्या देवघरापुढं आपला जप करायची आणि मग गोणपाटावर गठ्ठ्यांच्या मधे जाऊन बसायची. स्वप्नाली सीटवर उशी घेऊन चालवायची. पहिल्या दिवशी तिनं चरेगावचं वळण चुकवलं आणि तरी साडेचारला पाच कमी असताना रंगूबाईच्या दारात हॉर्न वाजला. दुसऱ्या दिवशी चाफळात आप्पासाहेबांनी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि पेपर घेऊन आत गेले. चार दिवस पेपर वेळेवर गेले. उशीर डोळ्यांचाच होता. स्वप्नाली म्हणाली, “आये, घेऊ या आता. पाठ पण दुखत नाही.”

“आठ म्हनलंय.”

पाचव्या दिवशी चाफळच्या चढावर गठ्ठा द्यायला स्वप्नाली स्वतः खाली उतरली आणि सवयीनं किल्ली बंद केली. परत येऊन फिरवली तर नुसतं टिक्. पुन्हा टिक्. आणि मग काहीच नाही. आवाज बंद झाल्यावर बाहेरचा अंधार एकदम जवळ आला.

भाऊसोचा हात दाराकडं गेला. मंगलनं मागून त्याच्या खांद्यावर बोटं टेकली.

“बसा, दादा. सोमवारपास्नं ती एकटीच आसनार हाय.”

स्वप्नालीनं एकदा मागं बघितलं. आईनं मान हलवली नाही. मग ती उतरली, बॉनेट उचललं, उजेड लावून मोबाईल दातांत धरला. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढली होती. डिकीतला पाना आणून तिनं टोकं सैल केली, गोणपाटाच्या तुकड्यानं घासली, पुन्हा आवळली. हात काळे झाले. किल्ली फिरवली. गाडी कण्हली, थांबली, पुन्हा कण्हली आणि सुरू झाली.

“शाब्बास गं!” भाऊसो म्हणाला, आणि मग न राहवून, “मी चाफळात बंद करतच न्हाई कवा. उंब्रजला चालू केली की घरी येऊनच बंद.”

मंगल पुढं झुकली. “का वो?”

“तशी सवयच लागलीय. तेल जरा जास्त जातंय. पर थांबायची भीती न्हाई.”

गाडी चालत राहिली. मंगल गठ्ठ्यांत बसून विचार करत होती. माणूस लबाड नव्हता. त्याला आपली सवय म्हणजे गाडीचं दुखणं आहे हे सुचलंच नव्हतं. मास्तरांनी, रंगूबाईनं, सगळ्यांनी खरी साक्ष दिली होती, पण ती साक्ष रोजच्या एका सुरुवातीची होती. आणि स्वप्नालीला गाडी दोनदा लागणार होती. पहाटे गार असताना एकदा, आणि ड्यूटी सुटल्यावर, दुपारच्या उन्हात, तापलेली असताना एकदा. मधे तेल भरायला थांबली तर तिसऱ्यांदा. ते तर अजून कोणी बघितलंच नव्हतं.

तारळ्याहून परतताना तिनं सांगितलं, “उद्यापास्नं दर थांब्याला बंद करायची. परत चालू करायची.”

“आये, तेवीस थांबे आहेत!”

“तेवीस डाव.”

“पेपर उशिरा जातील,” भाऊसो म्हणाला.

“जाऊ द्यात. माझ्या नावावर धरा म्हनावं मास्तरास्नी.”

सहाव्या दिवशी सातव्या थांब्यालाच गाडी बसली. दोन पोरांनी ढकलून चालू करून दिली आणि स्वप्नाली रडवेली झाली. शिवरात्र पाच दिवसांवर होती. दुसरी गाडी बघायला वेळ उरला नव्हता. धुळा म्हणाला, नको ही, नशिबात नाही, पोरीला एखादी खोली बघू सांगलीत. मंगल लेकीकडं वळली. ती स्वप्नालीला म्हणाली, “तुझा मोबाईलमधला मानूस काय म्हंतोय ह्यावर?”

स्वप्नालीनं डोळे पुसले आणि बघितलं. “म्हणतो, आधी बॅटरी तपासा, मग चार्ज करणारं यंत्र, मग स्टार्टर. म्हणतो, एकेक करून. एकदम सगळं बदलू नका, मग कळत नाही कशानं बरं झालं.”

“शाना हाय. तसंच करू.”

उंब्रजच्या बॅटरीवाल्यानं यंत्र लावून बघितलं. बॅटरी सहा वर्षांची, संपलेली. चार्ज करणारं ठीक. स्टार्टर ठीक. भाऊसोनं स्वतःहून नवी बॅटरी बसवून दिली, मंगल नको म्हणाली तर तो म्हणाला, “वयनी, मी सहा वरसं बंद केली न्हाई म्हनून ती मेलेली मला दिसली न्हाई. दिसायचं राह्यलं त्ये माझंच.”

सातव्या दिवशी तेवीस वेळा बंद, तेवीस वेळा चालू. मंगल प्रत्येक वेळी एक मणी ओढत होती, आणि पुढच्या सीटवर भाऊसो आपल्या बोटांवर मोजत होता. एकदाही टिक् झालं नाही. चाफळात पेपर दहा मिनिटं उशिरा गेला. आप्पासाहेब फाटकात उभे होते.

“काल चौदावा, आज पंधरावा!” ते गाडीच्या काचेवर बोट आपटून म्हणाले. “हेही मी धरणार!”

“धरा, मास्तर,” मंगल आतून म्हणाली. “उद्या सोळावा हाय.”

आठव्या दिवशी पेपर टाकून झाल्यावर गाडी घरी नेली नाही. दुपारपर्यंत हायवेकडेच्या उघड्या रानात, मेंढरांजवळ, उन्हात उभी केली. दीड वाजता लोखंडाला हात लावता येईना तेव्हा मंगल म्हणाली, “आता.” गाडी सुरू झाली. बंद. सुरू. बंद. सुरू. धुळा कोकराला पाजत होता, तो हसून म्हणाला, “आगं, तिला आता दम तरी खाऊ दे.”

“खाऊ द्या की,” मंगल म्हणाली. “दादा, कागुद करू या.”

सही करताना भाऊसोला रेघ दिसेना. बनाबाईनं त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात त्याचं कऱ्हाडला ऑपरेशन ठरलं होतं, आणि पेपरला चरेगावचा एक पोरगा मिळाला होता, मोटरसायकलवाला. “दोन गठ्ठ्यांतच दमतंय त्ये,” भाऊसो म्हणाला, पण त्यात तक्रार नव्हती.

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी स्वप्नाली साडेपाचला निघाली. मंगल फाट्यापर्यंत सोबत गेली नाही. अंबूबाई म्हणाली, जा की पोरीबरोबर पहिल्या दिवशी. मंगल म्हणाली, “आठ दिस गेल्ते की तिच्यासंगं.” ती दिव्यापुढं बसली, पण त्या दिवशी तिनं देवाकडं गाडीचं काहीच मागितलं नाही. मागायचं जे होतं ते तिनं उंब्रजला स्वतः बघून घेतलं होतं.

सात वाजायला बारा मिनिटं असताना फोन वाजला.

“पोचले, आये. वॉर्डाच्या दारात आहे. बाकीच्या अजून यायच्यात.”

“गाडी बंद केलीस?”

“केली.”

“जा आत,” मंगल म्हणाली. “सही कर.”